जुन्या फटफटीची झीज

व्याख्यानमालेच्या पत्रकात आमचा विषय वाचून गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला विचारले, "अहो, संतवाङ्मय ऐकले, शेतीवर ऐकले, आता फटफटीच्या शॉकअपवर काय ऐकायचे?" त्यांना आम्ही म्हटले, आपल्या बारवेपुढे उभे राहिल्यावर जो प्रश्न पडतो तोच हा प्रश्न आहे. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. अशा कामात कोणता चिरा हलवायचा आणि कोणत्या चिऱ्याला हात लावायचा नाही हे ठरविल्याशिवाय कुदळ उचलता येत नाही. पन्नाशी उलटलेल्या यंत्राचेही तसेच आहे. फरक एवढाच की तेथे चूक झाली तर दगड ढासळतो, येथे चूक झाली तर माणूस रस्त्यावर पडतो. आमच्या बाबतीत तो पडला, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

आम्ही इंजिनिअर नव्हे. हमाल-कामगारांच्या संघटनेचे काम करताना गावोगाव फिरावे लागले, गाडी वाटेत बंद पडू लागली, आणि मिस्त्रीच्या फळीवर बसून व जुनी मॅन्युअले चाळून जे शिकता आले ते शिकलो. गाडी संघटनेची. १९७४ सालची बुलेट, साडेतीनशे सीसीची. ती सेकंडहँड घेतली तेव्हा हमालांनी वर्गणी काढली होती. सेलू, मानवत, जिंतूर, परभणी असा मार्केट यार्डांचा फेरा तिच्यावर वर्षानुवर्षे झाला. पुढे जीप आली आणि बुलेट गोदामात पोत्यांच्या आड उभी राहिली ती राहिलीच. तीन वर्षांपूर्वी ती पुन्हा रस्त्यावर आणावी असे ठरले. शोभेसाठी नव्हे, संघटनेच्या तरुण कार्यकर्त्याला वाहन हवे होते आणि नव्या गाडीचे पैसे नव्हते.

शॉकअपचे काम काय, हे समजायला यार्डात जावे. पाठीवर पोते घेतलेला हमाल फळीवरून उतरतो तेव्हा गुडघा ताठ ठेवीत नाही. पाऊल टेकले की गुडघा थोडा वाकतो आणि पुन्हा उभा होतो. वाकणे म्हणजे स्प्रिंग. पण गुडघा नुसताच वाकला आणि उसळला असता तर पोते पाठीवर नाचू लागले असते. मांडीचे स्नायू ती उसळी आवरतात, म्हणून पोते स्थिर राहते. मोटारसायकलीत हे आवरण्याचे काम तेल करते. नळीत कोंडलेले तेल बारीक छिद्रांतून इकडून तिकडे ढकलले जाते. हालचाल जितकी वेगाची तितका तेलाचा विरोध अधिक. धक्क्याची शक्ती तेथे उष्णता होऊन विरते. स्प्रिंग धक्का साठविते, तेल तो संपविते. तेल संपले, पातळ झाले की चाक खड्ड्यातून निघाल्यावर उड्या मारीत राहते, आणि ज्या क्षणी ते जमीन सोडते त्या क्षणी ब्रेक आणि हँडल दोन्ही नावापुरती उरतात.

पूर्वीच्या गाड्यांत हे तेल नव्हते. पुढे कैचीसारखे लोखंडी फोर्क असत व घर्षणाच्या चकत्या आवळून उसळी रोखीत. तेलाने आवरलेला नळीचा फोर्क जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९३५ साली विक्रीच्या गाडीवर आणला. मागच्या चाकाला तर बहुतेक गाड्यांत काहीच नसे. सीटखालच्या स्प्रिंगा आणि स्वाराचा कणा यांनी ते भागवायचे. इंग्लंडच्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कारखान्याने १९४८ साली एका शर्यतीत मागे चिमटा असलेली बुलेट उतरविली, तेव्हा हे लवचीक प्रकरण म्हणजे दुबळेपणा, अशी टीका करणारेही होते. पुढे सगळ्यांनीच ते घेतले. १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि ही रचना आपल्याकडे आली. आपल्या राज्यात मुलुंडला गॅब्रिएल इंडियाचा शॉकअपचा उद्योग १९६१ साली उभा राहिला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि त्याच शहरातील एन्ड्युरन्स कंपनी आज दुचाकींचे फोर्क व शॉकअप बनविते. म्हणजे हा विषय परभणीच्या माणसाला परका नाही. आपल्याकडची कितीतरी पोरे वाळूजला याच कामावर पोट भरतात.

आता आमची चूक सांगतो.

गाडी गोदामातून काढली तेव्हा मागचे दोन्ही शॉकअप गंजलेले, एकातून तेल पाझरून खाली काळा डाग पडलेला. दुखणे डोळ्यांसमोर होते. शॉकअपची नवी जोडी आणली, रंग दिला, टाकीवरच्या सोनेरी रेघा पेंटरकडून ओढून घेतल्या. गाडी नवरीसारखी दिसू लागली. महिन्याभरात आमचा एक सहकारी मागे एकाला बसवून वळणावरून जात असता गाडीचे मागचे अंग माशासारखे हलू लागले. त्याने घाबरून ब्रेक दाबला आणि दोघेही पडले. मागच्याला खरचटले, चालविणाऱ्याचे खांद्याचे हाड मोडले. हमालाच्या खांद्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे या सभेत समजावून सांगावे लागू नये. वेग फार नव्हता, रस्ता कोरडा होता.

गाडी उचलून आणली आणि मेन स्टँडवर घेतली. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलविले. खट्, खट्. चाकाचे बेअरिंग असेल म्हणून आस तपासला. तो घट्ट होता. मग एकाने चिमट्याच्या मुळाशी, म्हणजे तो चौकटीला जोडला जातो तेथे, बोट ठेवले आणि दुसऱ्याने चाक हलविले. खट् तेथे होती. ही तपासणी दोन मिनिटांची. शॉकअप विकत घ्यायच्या आधी ती करायची होती.

मागचे चाक ज्या दुहेरी दांड्यात बसते त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. तो खालीवर हलतो, पण आडवा मुळीच हलता कामा नये. आमच्या बुलेटमध्ये तो पोलादी नळीवर फिरतो व मधे फॉस्फर ब्राँझचे, म्हणजे एका जातीच्या काशाचे, दोन बुश असतात. कासे पोलादापेक्षा मऊ. घासणे अटळच आहे तर कोणी झिजावे, हे रचना करणाऱ्याने आधीच ठरविलेले असते: स्वस्त आणि बदलता येणारा बुश झिजावा, चौकट व नळी वाचावी. अट एकच, त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळावे आणि झिजल्यावर त्याची बदली व्हावी. (यंत्राच्या बाबतीत हे तत्त्व कारखानदारांना लगेच पटते.) आमच्या गाडीला ग्रीसही मिळाले नव्हते आणि बदलीही. ग्रीस निपल मातीने बुजलेला होता. शॉकअप नवे आणि ताठ बसल्यामुळे गाडी वरून घट्ट वाटू लागली. ढिलाई झाकली गेली, गेली नाही.

बुशात ढिलाई केसाएवढी असते, मग एवढे काय बिघडते? दाराची बिजागरी कणभर ढिली झाली की दाराचे टोक उंबऱ्याला घासते, ते आठवावे. दोन बुश वीतभर अंतरावर, चाकाचा आस त्यांपासून हातभर दूर. मुळातली ढिलाई चाकाशी कितीतरी पटींनी मोठी होते. वळणावर, मागे माणूस बसलेला असता, चाक रेषेतून सरकते. म्हणजे मागचे चाक आपणहून हँडल मारू लागते. स्वाराने पुढून कितीही सावरले तरी मागून दुसराच कोणी गाडी वळवीत असतो.

बुश काढण्याची रीत थोडी विस्ताराने सांगतो, कारण येथेच हातोड्याचा मोह होतो. ठोकून काढलेला बुश घराला ओरखडे पाडतो आणि ठोकून बसविलेला तिरका बसतो. त्यापेक्षा एक लांब आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि बुशापेक्षा किंचित मोठ्या व्यासाचा नळीचा तुकडा घ्यावा. नट आवळत गेले की बुश सरळ ओढला जातो. नवा बसवितानाही हीच युक्ती. दाबून बसविलेला बुश किंचित आवळतो, म्हणून आतून रीमर फिरवावा लागतो, आणि तो लांब, दोन्ही बुशांतून एकदम जाणारा हवा. एकेक बुश वेगळा रीम केला तर दोन भोके एका रेषेत येत नाहीत. नळी अडकते, मग मिस्त्री दोन्ही सैल करतो आणि गाडी नव्या बुशासह पुन्हा हलू लागते. टर्नरकडे जाताना जुना बुश एकटा नेऊ नये. पोलादी नळीही न्यावी, कारण तीही झिजलेली असते, बहुधा एका बाजूने. आमची नळी व्हर्निअरने मापली तेव्हा खालची बाजू खाल्लेली निघाली. नळी नवीच घ्यावी लागली. बाजारात काशाच्या नावाखाली पितळेचे बुश मिळतात. चकाकी सारखीच, पण टिकाव थोडा.

काही गाड्यांत काशाऐवजी दोन पोलादी नळ्यांमध्ये चिकटविलेले रबर असते. त्यांना ग्रीस नको. रबर पिळून हालचाल होते. अशा बुशाचा मुख्य नट गाडी दोन्ही चाकांवर, आपल्या वजनाने बसलेली असतानाच शेवटचा आवळावा. चाक लोंबत असताना आवळला तर गाडी खाली ठेवताच रबर पिळलेल्या स्थितीत राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. चांगले चांगले मिस्त्री येथे घाई करतात.

मागच्या शॉकअपबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तेलाचे आतले अंग बहुधा सीलबंद असते. ते गेले की जोडीच बदलावी, एक नवा एक जुना ठेवू नये. गॅस भरलेला शॉकअप कधीही कापू नये, तापवू नये. स्प्रिंग काढायची झाल्यास ती दाबून धरणारे साधन वापरावे. दोघांनी हातांनी दाबायची आणि तिसऱ्याने खालची कडी काढायची, असा पराक्रम गॅरेजांत चालतो. दबलेल्या स्प्रिंगची कडी सुटली तर ती गोळीसारखी जाते, आणि डोळ्याला बदली पार्ट नाही.

स्प्रिंगविषयी दोन गैरसमज मात्र आहेत. पहिला असा की बसलेली स्प्रिंग तापवून, ताणून पुन्हा लांब करता येते. लांब होते खरी. पण तिच्या पोलादाला दिलेले पाणी त्या आचेत उतरते आणि काही दिवसांत ती पहिल्यापेक्षा खाली बसते. मोकळ्या स्प्रिंगची लांबी मोजावी, मॅन्युअलशी ताडावी, कमी भरली तर दोन्ही बदलाव्यात. दुसरा गैरसमज गंजाचा: वरवर खाल्ली आहे, घासून रंग मारला की झाले. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. आठ मिलिमीटरची तार गंजून ७.६ झाली, म्हणजे जाडी फक्त पाच टक्के घटली, तर ताठपणा सुमारे १९ टक्के घटतो. शिवाय गंजाचा प्रत्येक खळगा ही चीर सुरू होण्याची जागा. आमच्या जुन्या स्प्रिंगा चांगल्या मापाच्या होत्या. त्यांना क्रोम चढवावा असा आग्रह झाला. क्रोम चढविताना कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. मुलामा होताच काही तास सुमारे दोनशे अंश सेल्सिअसवर भाजले तर हा हायड्रोजन निघून जातो. तालुक्याचा मुलामावाला हे करीत नव्हता, म्हणून आम्ही काळा रंग दिला. दिसायला थोड्या गरीब दिसतात.

पुढचा फोर्क. गाडीचे पुढचे चाक उचलून खाली भक्कम ठोकळा द्यावा, कारण फोर्क सुटताच गाडी नाकावर येते. प्रथम हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. बरोबर मधोमध ते खोबणीत बसल्यासारखे अडले, तर हँडलच्या कोनसेटमध्ये गोळ्यांचे ठसे उमटले आहेत असे समजावे. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच जाते आणि प्रत्येक खड्ड्याचा ठोका त्याच जागी बसतो. अशा वेळी नुसत्या गोळ्या बदलून भागत नाही, वाट्यांसह सगळा संच बदलावा. मग पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे करावी; खट् आली तर कोनसेटपाशी बोट ठेवून ती तेथली की फोर्कमधली हे ओळखावे.

फोर्कची आतली नळी बाहेरच्या नळीत सरकते. आमच्या गाडीत आतल्या नळीच्या खालच्या टोकाला पोलादी बुश आणि बाहेरच्या नळीच्या तोंडाशी काशाचा बुश आहे. झिजतो तो बहुधा काशाचा. त्यावर ऑइल सील, म्हणजे तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणारे रबरी ओठ. फोर्क गळू लागला की लोक सील बदलतात, महिन्याने पुन्हा गळतो, पुन्हा बदलतात, आणि शेवटी सील बनविणाऱ्याला शिव्या घालतात. दोष बहुधा नळीचा असतो. क्रोमला गंजाचे टाचणीएवढे खड्डे पडले की त्यांची धार प्रत्येक खालीवर होण्यात रबराचा ओठ कापीत जाते. नळीवरून नख फिरवावे. नख अडले तर सीलचे पैसे पाण्यात. आणि बुश ढिला असेल तर नळी सीलमध्ये आडवी हलते, मग नवे सीलही दोन्हीकडून धरत नाही. म्हणून क्रम असा: आधी नळी, मग बुश, मग सील, सर्वांत शेवटी तेल. आम्ही नळ्या जाड काचेवर लोळवून पाहिल्या. डावी सरळ होती. उजवी वाकलेली निघाली, बहुधा त्याच अपघातात. घडी पडलेली नळी ठोकून सरळ करू नये. वरून सरळ दिसते, आतून तडकलेली असू शकते. डाव्या नळीला पुन्हा कठीण क्रोम देऊन मापात घासून घेतले, उजवी जुन्या बाजारातून, काचेवर लोळवून, घेतली.

बसविताना सीलच्या ओठाला तेल लावावे, नळीच्या धारदार तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घालून मगच ते सरकवावे. दोन्ही पायांत एकाच जातीचे तेल मॅन्युअलमधल्या मापाने घालावे. अंदाजाने घालणारा माणूस एका पायात जास्त घालतोच. आस बसविल्यावर पकडीचे नट लगेच आवळू नयेत. गाडी खाली ठेवून हँडल दाबून फोर्क पाच-सहा वेळा खालीवर करावा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर येतात, आणि मग आवळावे. निघालेले जुने तेल डब्यात भरून ठेवावे. ते ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतणाऱ्याला आम्ही या गावात तरी तोंड दाखवू देणार नाही.

हे सगळे करण्याचे कारण आपली जमीनही आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता दरसाल श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो आणि डांबर तडकते. येथे शॉकअपची झीज लवकर होते आणि ती ओळखूही लवकर येत नाही, कारण गाडी हलली की आपण रस्त्याला दोष देतो.

एक गोष्ट कागदपत्रांची. केंद्र सरकारने २०२१ साली ऐतिहासिक वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्याखाली नोंदविता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरविले गेले आणि मुदत दहा वर्षांची. आमच्या काही मित्रांना तो मान हवासा वाटला. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. आमच्या बुलेटला यार्डात जायचे होते. म्हणून आम्ही साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आणि तपासणीच्या दिवशी चाक धरून स्वतःच साहेबांना हलवून दाखविले. ते हसले.

खर्चाचा हिशेब संघटनेच्या सभेत वाचला गेला. त्यात पहिल्या खेपेची रंगाची, सोनेरी रेघांची रक्कम बुश, नळी, सील, कोनसेट आणि टर्नरची मजुरी या सर्वांच्या बेरजेपेक्षा मोठी होती. एका वृद्ध हमालाने विचारले, "मंग त्या रेघांनी गाडी धरली का?" आम्ही खाली पाहिले. ज्या सहकाऱ्याचे हाड मोडले त्याच्या दवाखान्याचा खर्च संघटनेने दिला. पण त्याचा खांदा पूर्वीसारखा नाही. तो आता यार्डात काट्यावर वजनाची नोंद करतो.

दुरुस्तीनंतर पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरांनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत, आणि पाचशेनंतर चाक धरून पुन्हा आडवे हलवून पाहावे. आमचे ते दोन्ही झाले. चिमटा शांत आहे. फोर्कच्या उजव्या पायावर मात्र तेलाचा बारीक ओलावा दिसू लागला आहे; जुन्या बाजारातल्या त्या नळीत कोठेतरी एक खड्डा आमच्या नखाला सापडला नसावा. पावसाळ्याआधी तो पाय पुन्हा उघडायचा आहे. झिजलेले दोन बुश आम्ही येथे बरोबर आणले आहेत. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचे असतील त्यांनी आतून बोट फिरवून पाहावेत, खालच्या बाजूला.